वारा समोरून, वाटही समोरचीच

वारा पूर्वेकडून येतोय आणि बोटीलाही पूर्वेकडेच जायचंय. इंजिन बंद आहे. बोटीवर आई-वडील, दोन मुलं, एखादी आजी, आठवड्याचा किराणा आणि वर पांढरं शीड. तरी बोट पुढे सरकते, तीही ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वेगानं. वारा पाठीशी असला की बोट चालते, हे कुणालाही पटतं. पण वारा जिथून येतो तिकडेच बोट त्याच वाऱ्याच्या जोरावर जाते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पटू नयेच, कारण गोष्ट सरळ नाही.

ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये सुट्टीला आलेल्या कुटुंबांसमोर हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यात, पोर्तो रिकोच्या पूर्वेला, साठेक लहान-मोठ्या बेटांचा हा समूह आहे. टोर्टोला हे सर्वांत मोठं बेट, त्यावरचं रोड टाउन ही राजधानी. अक्षांश साधारण साडेअठरा उत्तर, म्हणजे आपल्या अलिबाग-मुरुडच्याच रेषेत. १९६९ साली चार्ली आणि जिनी कॅरी या दांपत्यानं इथे सहा बोटी घेऊन ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी काढली आणि शिडाची बोट खलाशांशिवाय भाड्यानं द्यायला सुरुवात केली. अनुभवाची कागदपत्रं दाखवायची, नकाशे समजून घ्यायचे आणि बोट ताब्यात घ्यायची. अनुभव नसेल तर सोबत कप्तान घ्यायचा. आज या धंद्यात ही बेटं जगात पहिल्या रांगेत आहेत.

लहान मुलांना घेऊन समुद्रावर आठवडा काढायचा, हे ऐकायला धाडसाचं वाटतं. ते इथे शक्य होतं, कारण वारा, बेटांची मांडणी आणि पाणी या तिन्ही गोष्टी इथे विलक्षण जुळून आल्या आहेत. त्या कशा जुळल्या, हे कळलं की सहलीची मजा दुप्पट होते, असं मला मनापासून वाटतं.

शीड हवेला वळवतं

वारा पाठीमागून असताना शीड त्याच्या आड येतं आणि वारा त्याला ढकलतो. इथवर कोडं नाही. वारा बाजूनं किंवा पुढच्या कोपऱ्यातून येऊ लागला की शिडाचं काम बदलतं. आता ते जवळजवळ वाऱ्याच्या दिशेतच, पण किंचित तिरकं धरलेलं असतं, आणि त्याला फुगीर बाक दिलेला असतो. शिडाच्या दोन्ही अंगांनी वाहणारी हवा त्या बाकाबरोबर वळते आणि मागून थोड्या वेगळ्या दिशेनं बाहेर पडते.

हवेला वजन असतं. एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलो भरते, आणि चांगल्या वाऱ्यात मोठ्या शिडावरून दर सेकंदाला शेकडो घनमीटर हवा जाते. एवढी हवा वळवायची तर तिच्यावर जोर लावावा लागतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच जोर उलट दिशेनं शिडावर येतो. विमानाचा पंखही हेच करतो. पंख आडवा असतो म्हणून जोर वरच्या दिशेला मिळतो. शीड उभं असतं म्हणून तो बाजूला मिळतो.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पुस्तकांतूनही सापडतो. फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता असतो, दुसऱ्या बाजूच्या हवेला टोकाशी गाठण्यासाठी तिला घाईनं जावं लागतं, म्हणून तिथे दाब कमी होतो, असं सांगितलं जातं. फुगीर बाजूला हवा वेगानं जाते आणि दाब कमी असतो, हे खरं. पण दोन्हीकडच्या हवेनं एकाच वेळी टोकाला पोहोचावं, असा निसर्गात कुठलाच नियम नाही. प्रत्यक्षात फुगीर बाजूची हवा आधीच पुढे निघून जाते. शिवाय शीड म्हणजे पातळ कापड. त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच असते, तरी ते उत्तम काम करतं.

आता खरी अडचण. शिडावर येणारा हा जोर शिडाशी जवळजवळ काटकोनात असतो. वाऱ्याच्या तोंडावर चालताना त्याचा मोठा हिस्सा बोटीला आडवं रेटतो. पुढे नेणारा हिस्सा थोडाच असतो. बोटीचा तळ सपाट असता तर ती आडवी वाहत गेली असती. म्हणून तळाखाली पाण्यात एक उभा, जड, पात्यासारखा भाग असतो. त्याला कील म्हणतात. पाण्यातून लांबीच्या दिशेनं जायला कीलला फारसा अडथळा होत नाही, पण आडवं सरकायचं म्हटलं तर पाण्याची भिंत आडवी येते.

कलिंगड खाताना ओली बी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोरात दाबून पाहा. अंगठा बीला एका बाजूनं दाबतो, तर्जनी दुसऱ्या बाजूनं. पुढे कुणीच ढकलत नाही, तरी बी सुळकन पुढे सुटते, कारण आडवे दोन्ही रस्ते बंद आहेत आणि निमुळत्या अंगानं निसटायला पुढचाच रस्ता मोकळा आहे. बोटीच्या बाबतीत अंगठ्याच्या जागी वारा आणि तर्जनीच्या जागी कीलला अडवणारं पाणी. अर्थात पाणी पुरतं अडवत नाही. बोट तीन-चार अंशांनी वाऱ्याखाली घसरत राहते आणि तिची वाट आखताना तेवढी घसरण धरावीच लागते.

लोकरीचे धागे

शीड नेमकं किती तिरकं धरायचं, हे ठरवणारं साधन पाहिलं की मला या विद्येबद्दल फार आदर वाटतो. पुढच्या शिडाच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना वीतभर लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. शिडाचं कापड पातळ असल्यानं उन्हात पलीकडच्या धाग्याची सावली अलीकडून दिसते.

दोन्ही धागे मागच्या दिशेला आडवे, शांत वाहत असतील तर हवा शिडाला चिकटून चालली आहे. वाऱ्याच्या अंगाचा धागा वर उडून फडफडू लागला तर बोट वाऱ्याच्या फार तोंडावर गेली. शीड थोडं आत ओढावं किंवा सुकाणूनं बोट वाऱ्यापासून जरा वळवावी. पलीकडच्या अंगाचा धागा गोंधळून लोंबू लागला तर शीड जास्त ताणलंय; दोर थोडा सैल सोडावा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे काम दिलं तर ते तास तास त्यावर नजर ठेवतं आणि “बाबा, आतला उडतोय!” असं ओरडून सांगतं. तेव्हा खरं तर ते न दिसणारी हवा वाचत असतं. डोळ्यांना इतकं सरळ उत्तर देणारी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा मी दुसरी पाहिलेली नाही.

नागमोडी वाट

तरीही कुठलीही बोट थेट वाऱ्यावर चालत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४५-४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो. त्या पट्ट्यात शिरलं की शीड फडफडतं आणि बोट थांबते. म्हणून आधी वारा उजव्या खांद्यावर घेऊन तिरकं जायचं, मग बोटीचं पुढचं टोक वाऱ्यातून पलीकडे वळवून वारा डाव्या खांद्यावर घ्यायचा, असं करत करत वर चढायचं. वळताना सगळ्यांना काम असतं. सुकाणूवरचा आधी सर्वांना सावध करतो, एक जण या बाजूचा दोर सोडतो, दुसरा त्या बाजूचा दोर विंच नावाच्या फिरत्या रिळावर गुंडाळून ओढतो, आणि ओट्यावरचे चहाचे कप कुणीतरी धरतो.

कुटुंबांना बहुधा दोन तळांची बोट, म्हणजे कॅटमरान, आवडते. ती रुंद असते, कलत नाही, खोल्या मोठ्या असतात. पण तिच्या दोन्ही तळांखालच्या कील आखूड असतात, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर ती खोल कीलच्या बोटीइतकी चढू शकत नाही. हा फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहावं.

चौकट : नॉर्मन बेट ते व्हर्जिन गोर्डा

सरळ अंतर सुमारे २४ किलोमीटर, आणि हिवाळ्यात वारा बहुतेक वेळा जवळजवळ समोरून. वेग ताशी ११ किलोमीटर धरला तर:
इंजिनावर सरळ गेल्यास सव्वादोन तासांच्या आत.
वाऱ्याशी ४५ अंश ठेवणाऱ्या एका तळाच्या बोटीला ३४ किलोमीटर, म्हणजे सुमारे ३ तास.
५५ अंश ठेवणाऱ्या कॅटमरानला ४२ किलोमीटर, म्हणजे पावणेचार तासांच्या पुढे.

म्हणून जाणती माणसं सहलीच्या पहिल्या दिवसांत पूर्वेकडे चढून घेतात. नॉर्मन, कूपर, मग व्हर्जिन गोर्डा. आणि दमल्यावर, शेवटच्या दिवसांत, वारा पाठीवर घेऊन पश्चिमेच्या योस्त फान डाइककडे उतरतात.

तोच वारा, पण परतताना वेगळा

या उतरणीत एक फसगत दडलेली आहे. समुद्रावर वारा १८ नॉट आहे असं समजू. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर. बोट ६ नॉटनं वाऱ्याच्या तोंडावर चढत असेल तर तिच्या चालण्यानं समोरून लागणारी हवा खऱ्या वाऱ्यात मिसळते आणि बोटीवर वारा साडेबावीस नॉटचा लागतो. तीच बोट वळून वाऱ्यासोबत निघाली की तिचा वेग वाऱ्यातून वजा होतो आणि बोटीवर उरतात १२ नॉट.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेबावीस आणि बारा यांत वेगाचा फरक दुपटीहून कमी असला तरी शिडावरच्या जोराचा फरक साडेतीन पट होतो. त्यामुळे उतरताना एकदम ऊन लागतं, टोप्या निघतात, मुलं पुढच्या जाळीवर पालथी पडून पाणी बघतात, आणि मागून वारा २५ नॉटवर गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते वळायची वेळ आल्यावर. एका तळाची बोट वारा वाढला की कलते आणि स्वतःच इशारा देते. कॅटमरान कलत नाही, म्हणून तिच्यावर वारा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा बघून शीड वेळीच आखूड करावं लागतं. कंपन्या त्यासाठी आकडे लिहूनच देतात. ते पाळण्यात कमीपणा नाही.

दुसरा धोका शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याचा, म्हणजे बूमचा. वारा बरोबर पाठीमागून असताना सुकाणू थोडं चुकलं तरी वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला शिरतो आणि बूम या टोकापासून त्या टोकापर्यंत झपकन फिरतो. त्याच्या वाटेत डोकं असेल तर इजा गंभीर होते. म्हणून अगदी पाठीवर वारा न घेता तो थोडा तिरका ठेवतात, बूमला पुढून दोर बांधतात, आणि मुलांना पहिल्याच दिवशी बूमच्या पट्ट्यात उभं न राहण्याचा नियम घालून देतात. सगळ्या सहलीत एकच नियम कडक ठेवायचा असेल तर तो हाच ठेवावा.

वारा रोज तिकडूनच का?

आठवडाभराचा बेत आधी आखता येतो, कारण इथला वारा एका आठवड्यात सहसा दिशा बदलत नाही. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून उत्तरेला आणि दक्षिणेला जाते, आणि तीस अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. उतरलेली हवा समुद्राच्या पाठीवरून पुन्हा विषुववृत्ताकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात तिची वाट उजवीकडे वळते, म्हणून ती सरळ उत्तरेकडून न येता ईशान्येकडून येते. जॉर्ज हॅडली यांनी १७३५ साली हे चक्र मांडलं. आपण भूगोलात शिकलेले व्यापारी वारे ते हेच. १४९२ मध्ये कोलंबसाच्या जहाजांना अटलांटिकपार नेणारे हेच वारे, आणि दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, त्यानं या बेटांना संत उर्सुला आणि तिच्या अकरा हजार कुमारिका सोबतिणींच्या स्मरणार्थ नाव दिलं.

मग त्याच अक्षांशावरच्या मुरुडला असा वारा का नाही? कारण आपल्या उत्तरेला आशियाची प्रचंड जमीन आहे. उन्हाळ्यात ती तापते, तिच्यावरचा दाब उतरतो, आणि दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतात. अर्ध्या वर्षात वारा उलटा फिरतो. आगोट लागली की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालायच्या, हे कोकणाचं वेळापत्रक या उलट्या वाऱ्यानं आखलेलं आहे. हिवाळ्यातही आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, कारण शेजारची मोठी जमीन रोज तापते आणि निवते. व्हर्जिन आयलंड्सच्या उत्तरेला आणि पूर्वेला मोकळा अटलांटिक आहे, आणि बेटं इतकी लहान की व्यापारी वाऱ्याला अडवतील एवढा स्वतःचा वारा त्यांना उभा करता येत नाही. टोर्टोलावरचा सर्वांत उंच माउंट सेज सव्वापाचशे मीटरच्या आसपास आहे, बस.

बेटांच्या कुशीतलं पाणी

वारा १८ नॉट म्हणजे मोकळ्या समुद्रात पुरुषभर लाटा. इथे मात्र बहुतेक प्रवास सर फ्रान्सिस ड्रेक चॅनलमध्ये होतो. उत्तरेला टोर्टोला, दक्षिणेला नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर ही बेटं ओळीनं, पूर्वेला व्हर्जिन गोर्डा. मध्ये सात-आठ किलोमीटर रुंदीचं पाणी.

लाट किती मोठी होणार हे फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. वारा किती वेळ वाहतो आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळतं, हेही तितकंच महत्त्वाचं. अटलांटिकमध्ये त्याला हजारो किलोमीटर मिळतात. चॅनलमध्ये व्हर्जिन गोर्डा आणि शेजारची बेटं ते पाणी तोडतात, आणि पलीकडून लाट पुन्हा नव्यानं उभी राहायला लागते. तिला मोठं व्हायला जागाच मिळत नाही. म्हणून इथे शिडाला भरपूर वारा मिळतो आणि तरी मुलांच्या ताटातला भात सांडत नाही. हे दोन्ही एकत्र मिळणं फार दुर्मीळ आहे.

बोट लागण्याचा त्रासही त्यामुळे कमी होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘हलतोय’ म्हणतो आणि खोलीत पुस्तकावर खिळलेले डोळे ‘स्थिर आहे’ म्हणतात. मेंदूला ही तफावत सोसत नाही आणि मळमळतं. बाहेर येऊन क्षितिज बघितलं की दोन्ही साक्षी जुळतात.

समोरचं बेट नेहमी दिसत असतं, ही आणखी एक सोय. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि ही बेटं पोर्तो रिकोला जोडलेली एकच जमीन होती. बर्फ वितळला, पाणी चढलं, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरमाथे बेटं होऊन उरले. आपण बोट हाकतो ती त्या बुडालेल्या दरीवरून.

भरती-ओहोटीची काळजीही फारशी नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार ते पाच मीटर चढतं-उतरतं, इथे फूटभर. भरतीची लाट समुद्राच्या खोऱ्यात ठरावीक बिंदूंभोवती गोल फिरते. त्या बिंदूजवळ पातळी जवळजवळ बदलत नाही आणि लांब गेलं की फरक वाढतो. पूर्व कॅरिबियनमध्ये असा एक बिंदू आहे. उलट आपल्याकडे पाणी निमुळत्या होत जाणाऱ्या खंबातच्या आखाताकडे रेटलं जातं आणि फुगतं. संध्याकाळी नांगर टाकला तेव्हा बोटीखाली जेवढं पाणी होतं तेवढंच पहाटेही असणार, हे ठाऊक असलं की झोप लागते.

पाण्याचा रंग

इथे मोठी नदी नाही, त्यामुळे गाळ नाही. भरती लहान, म्हणून तळ ढवळला जात नाही. पाण्यात पोषक क्षार कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पतींची दाटीही कमी. पाणी नितळ राहतं आणि रंगावरून खोली कळते. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. निळा खोलवर जातो. उथळ पाण्याखाली पांढरी वाळू असेल तर उरलेला हिरवट-निळा प्रकाश परत येतो आणि पाणी फिरोजी दिसतं. गडद निळं म्हणजे खोल. तपकिरी किंवा पिवळसर डाग म्हणजे प्रवाळ, आणि तिथे बोट न्यायची नाही. मात्र हे वाचायला सूर्य वर आणि पाठीशी हवा. समोरून ऊन आलं की पाण्यावर नुसती चकाकी दिसते. म्हणून प्रवाळाच्या वाटा सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान पार करायच्या, आणि बहुतेक कंपन्या रात्री बोट हाकायला मनाईच करतात.

याची खरी परीक्षा ॲनेगाडाला होते. बाकीची बेटं डोंगराळ. व्हर्जिन गोर्डाच्या ‘द बाथ्स’ला तर किनाऱ्यावर घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळा रचून पडलेल्या आहेत. ॲनेगाडा मात्र चुनखडी आणि प्रवाळाचं, जेमतेम साडेआठ मीटर उंच. व्हर्जिन गोर्डाहून ते उत्तरेला २४ किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वी गोल असल्यानं इतकं बुटकं बेट निघताना दिसूच शकत नाही. बराच वेळ समोर फक्त पाणी असतं, मग क्षितिजावर सुटी सुटी झाडं दिसतात आणि त्यांच्याखालची जमीन नंतर येते. बेटाच्या आग्नेयेला पसरलेल्या हॉर्सशू रीफवर शेकडो जहाजं फुटली. त्यामुळे तिथे खुणेच्या बोया सोडून जायचं नाही.

बोयांबाबत भारतात शिकलेल्या माणसानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपल्याकडे बंदरात शिरताना तांबडी बोया डाव्या हाताला ठेवायची असते. अमेरिका खंडांत आणि या बेटांवर ती उजव्या हाताला ठेवतात. जगात या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींत रंग तेच, बाजू उलट.

नांगर कशानं धरतो

नांगर जड असतो म्हणून बोट थांबते, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. भाड्याच्या बोटीचा नांगर वीस-तीस किलोचा आणि बोट दहा टनांची. वजनानं ती कशी थांबणार? नांगराचं पातं वाळूत रुततं आणि वाळू त्याला धरते. पण त्यासाठी ओढ आडवी हवी. साखळी वरच्या दिशेला ओढू लागली की पातं उपटून निघतं.

समजा पाणी ६ मीटर खोल आहे आणि बोटीचं टोक पाण्यावर दीड मीटर. उंची झाली साडेसात. तिच्या तिप्पट साखळी सोडली आणि जोराच्या वाऱ्यानं ती ताणून सरळ झाली, तर ती तळाशी १९ अंशांचा कोन करते. पाचपट, म्हणजे साडेसदतीस मीटर सोडली तर साडेअकरा अंश. सातपट सोडली तर ८ अंश. साखळी लांब सोडण्यामागचं कारण एवढंच. मात्र लांब साखळीवर बोट मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून शेजारच्या बोटीनं किती सोडलीय ते बघून आपली जागा निवडायची.

साखळी सोडल्यावर इंजिन उलटं चालवून ती ताणायची आणि मग मास्क लावून पाण्यात उतरायचं. हे काम घरातल्या पोहणाऱ्या मोठ्या माणसानं करावं. चांगला बसलेला नांगर दिसतच नाही. पांढऱ्या वाळूतून फक्त त्याच्या दांड्याचं टोक वर असतं, पुढे ओढत गेल्याची एक चरी दिसते आणि साखळी त्या चरीच्या रेषेत सरळ पडलेली असते. पातं आडवं पडलेलं दिसलं, किंवा गवताच्या पट्ट्यावर अडकलेलं दिसलं, तर रात्री ते धरणार नाही. सगळं पुन्हा करायचं. दरम्यान मुलांना बोटीवरून एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा शोधायला सांगावं: किनाऱ्यावरचा माड आणि त्याच्या मागची टेकडीवरची खिडकी. तासाभरानं त्या खुणा एकमेकींपासून सरकल्या तर बोट फिरली किंवा नांगर घसरतोय.

प्रवाळावर नांगर टाकणं इथे अक्षम्य मानतात, आणि ते योग्यच आहे. गोल डोक्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. फिरणारी साखळी ते एका रात्रीत भुगा करते. म्हणून ठिकठिकाणी तळात पक्के रोवलेले बांध आहेत आणि त्यांना दोरानं जोडलेल्या तरंगत्या बोया. लांब काठीच्या आकडीनं दोर उचलायचा आणि बोट बांधायची. सॉल्ट बेटाजवळ १८६७ च्या चक्रीवादळात बुडालेल्या ‘ऱ्होन’ या टपाल जहाजावरही दिवसा असंच बोयाला बांधून उतरतात. जहाजाचे तुकडे आता प्रवाळानं भरले आहेत, उथळ भाग तर पोहतापोहता वरूनच दिसतो.

जायचं कधी

१ जून ते ३० नोव्हेंबर हा इथला चक्रीवादळांचा काळ, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत धोक्याचा, कारण तेव्हा समुद्र सर्वाधिक तापलेला असतो. ६ सप्टेंबर २०१७ रोजी ‘अर्मा’ या पाचव्या श्रेणीच्या वादळाचा डोळा थेट या बेटांवरून गेला. वादळात बोटी सुरक्षित राहाव्यात म्हणून ज्या पारकीटा बेमध्ये त्या बांधून ठेवतात, तिथे कॅटमरानांचा ढीग लागला. बेटवासीयांनी पुढे घरं, धक्के आणि हा धंदा पुन्हा उभा केला.

डिसेंबर-जानेवारीत अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा बळावतो आणि कधी कधी सलग काही दिवस वारा २५ नॉटच्या वर राहतो. त्याच दिवसांत दूर उत्तरेतल्या वादळांच्या लांब लाटा येऊन बेटांच्या उत्तर किनाऱ्यावर फुटतात. त्या किनाऱ्यावरच्या केन गार्डन बेमध्ये रात्र काढणं त्रासाचं होतं आणि द बाथ्सवर पोहायला मनाई करणारा तांबडा बावटा लागतो. एप्रिलनंतर वारा पूर्वेकडे आणि मग थोडा आग्नेयेकडे सरकतो, १५ नॉटच्या आसपास उतरतो, उत्तरेच्या लाटा थांबतात. मुलांसोबत पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मे महिना निवडावा. आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी असतेच, आणि वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आत परत येता येतं.